भाऊजींचा नवा अंक आणि अक्कांचं लाटणं

मैत्रिणींनो, हा अंक हाती पडला तेव्हा तुम्ही काय करत होतात? कुकरच्या शिट्ट्या मोजत होतात की मुलांचे डबे भरत होतात? काहीही करत असलात तरी हात पदराला पुसून दोन पानं उलटल्याशिवाय तुम्हांला राहवलं नसेल, हे मी पैजेवर सांगते. आमच्या घरी मी आधी कथा वाचते. आमच्या मोठ्या जाऊबाई, ज्यांना मी अक्का म्हणते, त्या पाककृतीचं पान काढतात आणि "ह्यात साखर जास्त सांगितलीय बघ" असं म्हणून मोकळ्या होतात. नव्या अंकाचा वास, न चुरगळलेली पानं, आपल्याआधी कुणी वाचलेला नसण्याचा तो आनंद, हे सगळं आपल्याला ठाऊक आहे. म्हणूनच आज जे सांगणार आहे ते तुम्हांला चटकन पटेल.

आमच्या घरी आणखी एका अंकाची अशीच वाट पाहिली जाते. पण ती पाहणाऱ्या बायका नाहीत. साठीतले तीन पुरुष आहेत, आणि तो अंक आहे लाकूड कातण्याचा!

आम्ही अंबाजोगाईला राहतो. एकत्र कुटुंब. थोरले भाऊजी आणि आमचे हे यांच्यात अठरा वर्षांचं अंतर, त्यामुळे भाऊजी मला दिरापेक्षा सासऱ्यांसारखेच. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत त्यांनी आयुष्यभर पोरांना टर्नरचं काम शिकवलं. लोखंडाच्या दांड्याला लेथवर आकार कसा द्यायचा, एक सूतही इकडचं तिकडे होऊ न देता, ही त्यांची विद्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी ते निवृत्त झाले आणि घरी बसले. घरी बसलेला पुरुष म्हणजे काय, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना मी वेगळं सांगायला नको. पहिल्या महिन्यात त्यांनी घरातले सगळे नळ घट्ट केले. दुसऱ्या महिन्यात अक्कांचे मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावले. तिसऱ्या महिन्यात बोलणंच कमी केलं. जेवायला बसले की ताटाकडे बघत राहायचे. अक्का मला स्वयंपाकघरात हळूच म्हणायच्या, "काय करायलेत गं हे? नुसते बसायलेत."

तेव्हा अक्कांच्या बहिणीचा मुलगा अमेरिकेहून सुटीवर आला होता. संगणकावर बसून नोकरी करणारा हा मुलगा शनिवार-रविवारी लाकूड कातत बसतो, हे ऐकून आम्हांला हसू आलं. त्यानं येताना एका जुन्या अंकात गुंडाळून स्वतःच्या हातची एक वाटी आणली होती. वाटी अक्कांनी देवघरात ठेवली. भाऊजींनी मात्र गुंडाळलेला अंक उलगडला, सरळ केला आणि रात्री दीडपर्यंत वाचत बसले. पुढच्या महिन्यात निवृत्तीच्या पैशातून मोटारीवर चालणारा छोटा लेथ घरात आला. त्याच पैशातून अक्कांना जुन्या पाटल्या मोडून, भर घालून नव्या करायच्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. पण त्या दिवशी चहात साखर नव्हती.

लेथ म्हणजे काय हे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. कुंभाराचं चाक डोळ्यांपुढे आणा. ते आडवं पडलेलं असतं आणि माती वर बसलेली असते. इथे लाकडाचा ओंडका दोन टोकांत धरून आडवा फिरवतात, आणि फिरत्या लाकडाला पटाशी लावायची. लाकडाची साल सुटत जाते आणि गोल आकार उरतो. आपलं लाटणं, मुलांचा भोवरा, पाळण्याचे दांडे, कुंकवाचा लाकडी करंडा, बुद्धिबळाची प्यादी, ही सगळी याच चाकाची लेकरं. आणि गंमत पाहा, सूत कातणं आणि लाकूड कातणं याला आपल्या भाषेत एकच क्रियापद आहे. एखादीचा चेहरा 'कातीव' आहे असं आपण म्हणतो, तेही या लेथवरूनच आलेलं. हे काम पिढ्यान् पिढ्या करणाऱ्यांना आपल्याकडे कातारी म्हणत आले.

तर तो अंक. अमेरिकेत लाकूड कातणाऱ्यांची एक मोठी संघटना आहे, १९८६ साली स्थापन झालेली. तिचं 'अमेरिकन वुडटर्नर' नावाचं नियतकालिक दोन महिन्यांनी निघतं. भाचा भाऊजींची वर्गणी भरतो. इंग्लंडात लुईस नावाच्या गावातूनही अशाच एका मासिकाचं प्रकाशन चालतं. सगळा मजकूर एका लाकडी चाकाविषयी, आणि त्यावर वर्षानुवर्षं अंक निघतात! मला पहिल्यांदा हे वेडच वाटलं. मग विचार केला, आपल्याकडे लोणच्यावर विशेषांक निघतात की नाही?

टपालाचं काही सांगता येत नाही. कधी अंक दोन महिने उशिरा, कधी दोन बरोबर. पण आला, की भाऊजी पाकीट फोडत नाहीत. आधी दोन फोन करतात. एक बँकेतून निवृत्त झालेल्या काकांना, दुसरा आमच्या गल्लीच्या टोकाला ज्यांचं दुकान आहे त्या सुतारमामांना. संध्याकाळी तिघे ओसरीवर जमले, चहा आला, की मगच पाकीट फुटतं. अगदी लग्नाचा आहेर उघडावा तसं. चष्मे पुसले जातात. आधी सगळी चित्रं बघायची, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, एक अक्षरही न वाचता. "आरारारा! हे बघा, एवढी पातळ!" "ह्याला भोकं का पाडलीत?" "हे लाकूड नाही, माती असणार." "माती कशी असेल, रेषा दिसायल्यात की!" अशी अर्धा तास नुसती उद्गारवाचक चिन्हं. मी आत पोळ्या करताना ऐकते आणि मला आमच्या शाळेतली पाचवीची मुलं आठवतात, नवी पुस्तकं मिळालेल्या दिवशीची.

दुसऱ्या फेरीला मात्र मला बोलावणं येतं. "मास्तरीणबाई, या हो जरा!" मी बी.ए. इंग्रजी घेऊन केलं आणि शाळेत अर्धवेळ इंग्रजी शिकवते. भाऊजींना तांत्रिक इंग्रजी येतं, लांब वाक्यांत अडतात. काकांना बँकेचं इंग्रजी येतं. सुतारमामांना येत नाही. म्हणून मी मोठ्यानं मराठीत सांगत जायचं, असा शिरस्ता पडला. पहिल्या वेळी मी कणीक भरल्या हातांनीच गेले होते आणि दहा मिनिटांत परतेन म्हणाले होते. तो कुकर कुणी बंद केला हे मला अजून आठवत नाही.

वाचता वाचता कळलं ते हे, की या अंकात मजेचा भाग थोडा आणि कामाचा भाग फार. ओलं लाकूड का तडकतं? कारण टोकांकडून पाणी लवकर उडतं आणि पोटात ते तसंच राहतं. म्हणून लाकूड कापल्याबरोबर टोकांना मेण लावून ठेवायचं. वाळायला किती दिवस? जाडीच्या एका इंचाला एक वर्ष, हा तिकडचा ढोबळ हिशेब. आमच्या बीड जिल्ह्याच्या कोरड्या उन्हात काय होतं, ते भाऊजींनी वहीत टिपून ठेवलंय. चैत्रात सावलीत ठेवलेला बाभळीचा ओंडकासुद्धा रात्री 'टच्च' आवाज करून फुटतो. आम्ही दचकून उठतो.

मजा अशी, की पुष्कळ वेळा वाक्य माझ्या तोंडी पुरं होण्याआधी सुतारमामाच उत्तर देतात. मी सांगत असते, पटाशीची पाठ आधी लाकडाला टेकवावी, मग हळूच मूठ वर करून धार लागू द्यावी, नाहीतर हत्यार अडकून उसळतं. मामा चित्राकडे बघून म्हणतात, "तेच तर. ह्यानं टेकू लांब ठेवलाय. आता उसळणार बघा." पुढच्या चित्रात खरोखरच चूक म्हणून तेच दाखवलेलं! त्यांचे आजोबा पाळण्याचे दांडे कातायचे. मोटार कुठली? एक जण दोरी ओढणार, मागं-पुढं, मागं-पुढं, आणि आजोबा जमिनीवर बसून हातानं हत्यार धरणार, पायाच्या अंगठ्यानं टेकू सांभाळणार. दोरी ओढायला लहानपणी मामाच असत. हे ऐकून बँकेतले काका एकदा सहज म्हणाले, "मग मामा, तुम्ही तर जन्मजात कलाकार!" मामा हसले. मला मात्र ते हसणं टोचलं. हेच काम पोटासाठी केलं की माणूस कातारी किंवा सुतार, ओसरीच्या खालच्या पायरीवर बसणारा. हौसेनं केलं की कलाकार आणि परदेशी अंकात फोटो. आता मामा आमच्या ओसरीवर खुर्चीत बसतात. पण सुरुवातीचे तीन अंक ते पायरीवरच बसले होते, आणि 'वर या' म्हणायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. मलाही नाही, शिकलेलीला.

मराठीत असं मासिक का नाही, असं मी एकदा वैतागून म्हणाले, तेव्हा भाऊजींनी एक गोष्ट सांगितली. लेथ आणि मासिक यांचं नातं आपल्याकडे जुनं आहे म्हणे. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचं बातमीपत्र म्हणून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघालं. त्याचंच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं, आणि त्याच घरातून १९३० मध्ये 'स्त्री' मासिक सुरू झालं. आपल्या आज्या-पणज्यांनी दिव्याच्या उजेडात वाचलेलं. त्याच किर्लोस्करांनी १९४१ मध्ये कर्नाटकात हरिहरला कारखाना काढला तो लेथ बनवणारा. भाऊजींनी त्या लेथवर कितीतरी पोरं शिकवून बाहेर काढली. म्हणजे बायकांचं मासिक आणि पुरुषांचं चाक एकाच अंगणातलं! तो कारखाना आता बंद पडला. 'स्त्री'चे जुने अंक मात्र माझ्या माहेरी माळ्यावर अजून आहेत.

आता अक्कांची बाजू सांगायला हवी. ती सांगितली नाही तर हा लेख म्हणजे नुसतं पुरुषांचं कौतुक होईल, आणि ते करायला ते स्वतः समर्थ असतात.

लेथ मागच्या पडवीत बसवला. तिथे अक्कांचा बंब, काटक्या, गोवऱ्या. लेथ सुरू झाला की भुसा उडणार, तो वाळत घातलेल्या पापडांवर, तुळशीवर, आमच्या केसांत. लोक भुशाला साधी धूळ समजतात. पण लाकडाच्या बारीक धुळीनं माणसाला कर्करोग होऊ शकतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच जाहीर केलेलं आहे. हे मी अंकाच्या निमित्तानं शोधून वाचून दाखवलं तेव्हा कुठे तोंडावर मुखपट्टी आली आणि पडवीला ताडपत्रीचा पडदा लागला. तोपर्यंत वर्षभर अक्का एकट्या खोकत होत्या. शिवाय अंकाच्या दिवशी तीनदा चहा. आणि एवढं करून भाऊजींनी कातलं काय? वाट्या! मोठी वाटी, छोटी वाटी, कडेला साल तशीच ठेवलेली वाटी, तडा गेलेली आणि त्यात पितळेचा चुरा भरलेली वाटी. दिवाणखान्यात सत्तावीस वाट्या झाल्या. अक्का एक दिवस शांतपणे म्हणाल्या, "ह्यात आमटी वाढता येती का?" भाऊजी म्हणाले, "अगं, ही बघायची असते." "बघायला मला तुम्ही आहात की," अक्का म्हणाल्या, आणि पुढं ज्या बोलल्या ते मी कधी विसरणार नाही. "दोन वर्षं ते चाक फिरायलंय. माझ्या घरात एक लाटणं नीट नाही."

अक्कांचा उजवा अंगठा संधिवातानं धरतो. तीस वर्षं रोज पंचवीस-तीस पोळ्या लाटलेला अंगठा तो. बाजारचं लाटणं त्यांना जड होतं, टोकाला मूठ नीट बसत नाही. हे त्या कधी बोलल्या नव्हत्या, कारण कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही, रोज शेजारी उभी राहून.

भाऊजी तसे मानी. दुसऱ्याच दिवशी लाटणं कातायला घेतलं. आणि मैत्रिणींनो, इथे त्या मोठ्या कारागिराची जी फजिती झाली! पहिलं लाटणं दिसायला देखणं, मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना नक्षी. नक्षीत कणीक अडकून बसली. दुसरं शिसवीचं, गुळगुळीत. अक्कांनी उचललं आणि खाली ठेवलं, "वजन बघा." तिसरं हलकं झालं, पण लाकूड ओलं होतं. वैशाखात उभं तडकलं. चौथ्या वेळी ते वही-पेन्सिल घेऊन स्वयंपाकघरात आले. छत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा, पोळी लाटताना अक्कांचा हात कसा फिरतो हे ते पाटावर बसून बघत होते. तळवा कुठे टेकतो, अंगठा कुठे वाकतो, जोर कधी लागतो. अक्का लाजल्या. "काय बघायलाव? उठा बघू." पण लाटणं थांबवलं नाही. मी दूध बघायच्या निमित्तानं पाठ फिरवली.

याच सुमारास मे महिन्याच्या सुटीत आम्ही कोकणात गेलो. ठरलेलं गणपतीपुळं, पण भाऊजींच्या हट्टानं गाडी सावंतवाडीपर्यंत गेली. मोती तलाव, राजवाडा आणि मग चितारआळी. लहानपणी जिला सावंतवाडीची लाकडी भातुकली मिळाली नाही अशी बाई विरळा. अक्कांच्या माहेरी होती. चूल, जातं, उखळ, पाटा, सगळं लाल-हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांचं. ते रंगीत पट्टे कसे चढतात हे मात्र आम्हांला पहिल्यांदा कळलं. तिथे ब्रश नसतोच. लाखेत रंग मिसळून त्याची कांडी करतात. लाकूड लेथवर गरगर फिरत असताना ती कांडी नुसती दाबून धरायची. घासण्यानं जी उष्णता होते तिनं लाख वितळते आणि लाकडावर चढते. मग केवड्याचं पान घ्यायचं आणि फिरत्या लाकडावर धरायचं, की आरशासारखी चकाकी! भाऊजी उभेच राहिले. दोन वर्षांच्या अंकांत मी त्यांना पॉलिशचे पंचवीस प्रकार वाचून दाखवले असतील, केवड्याचं पान कुठेच आलं नव्हतं. कर्नाटकात चन्नपट्टणला आणि आंध्रात एटिकोप्पाकालाही लाखेची अशीच खेळणी होतात. सावंतवाडीची गंजिफा चित्रकला मरू घातली होती तेव्हा राजेसाहेब शिवरामराजे आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यात पुन्हा सुरू केली, हे तिथे गेल्यावर कुणीही सांगतं. राणीनं कारागिरापुढं शिष्या म्हणून बसावं, ही गोष्ट अक्कांना सगळ्यात जास्त आवडली. त्यांनी भातुकलीचा एक संच घेतला. नातीसाठी, असं म्हणाल्या. तो अजून त्यांच्या कपाटात आहे.

परत आल्यावर चौथं लाटणं जमलं. बाभळीचं, वर्षभर वाळवलेलं, मध्ये जरासं भरीव, टोकांकडे निमुळतं होत जाणारं, टोकं तळव्यात बसतील अशी. फक्त तेल पाजायचं राहिलं. भाऊजींनी रंगाच्या दुकानातून जवसाच्या तेलाचा डबा आणला, 'डबल बॉइल्ड' लिहिलेला. लाटण्याबरोबर साताठ वाट्याही पुसून काढल्या, आणि तेलाच्या चिंध्या गोळा करून पडवीतल्या जुन्या घमेल्यात टाकल्या. काटक्यांच्या शेजारी. अक्कांनी टापटीप म्हणून त्यावर आणखी दोन चिंध्या दाबून बसवल्या.

त्याच दुपारी अंक आला. तिघे जमले, चित्रं बघून झाली, मला बोलावणं आलं. सुरक्षिततेची एक छोटी चौकट होती. खरं तर ती मी नेहमी गाळते, त्यात चित्र नसतं म्हणून. त्या दिवशी काका म्हणाले, "सगळं वाचा." मी वाचू लागले. जवसाचं तेल वाळतं म्हणजे पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेतं आणि घट्ट होतं, आणि हे होताना उष्णता बाहेर पडते. चिंधी पसरलेली असली तर ती उष्णता निघून जाते. चिंध्यांचा बोळा करून ठेवला तर आतल्या आत साठत जाते आणि काही तासांनी, जवळ ठिणगी नसतानासुद्धा, बोळा आपोआप पेटतो.

मी वाक्य पुरं केलं तेव्हा दारात उभ्या असलेल्या अक्का तिथे नव्हत्या. पडवीतून त्यांची हाक आली. आम्ही धावलो. त्यांनी घमेल्यात हात घातला होता. चिंध्या गरम लागत होत्या, तव्यावरून काढून टोपल्यात ठेवलेल्या भाकरीसारख्या. वरच्या नव्हे, आतल्या. एक उग्र, खमंग वास येत होता. अक्कांनी काही न बोलता घमेलं उचललं आणि बंबाजवळच्या बादलीत पालथं केलं. वैशाखातली दुपार, शेजारी काटक्या आणि गोवऱ्या, वरती वाशांचं छप्पर, पलीकडच्या खोलीत झोपलेली माझी दोन्ही मुलं. भाऊजी खांबाला धरून उभे राहिले. कितीतरी वेळ कुणी बोललं नाही.

मग त्याच अंकासोबत बसून मी आणि भाऊजींनी उरलेलं वाचलं. ते रंगाच्या दुकानातलं तेल लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंचे क्षार मिसळलेले असतात. दारं-खिडक्यांना ठीक, पण अन्नाला लागणाऱ्या वस्तूला ते लावू नये. म्हणजे चौथं लाटणंही बाद! भाऊजींनी ते मुकाट्यानं बाजूला ठेवलं आणि पाचवं कातलं.

तुमच्या घरच्या लाकडी वस्तूंसाठी चार गोष्टी इथेच सांगून टाकते. लाटणं, पोळपाट, रवी पाण्यात भिजत ठेवू नका. धुऊन लगेच पुसा आणि उन्हात नको, सावलीत उभं करून वाळवा. तेल पाजायचं तर घाण्याचं खाण्याचं जवस तेल घ्या. मराठवाड्यात ज्या जवसाची आपण चटणी करतो त्याचंच. एकदम थोडं, चोळून, जास्तीचं पुसून काढून, मग चांगले आठ-पंधरा दिवस वाळू द्यायचं. शेंगदाण्याचं तेल लावू नका. ते वाळत नाही, लाकडात खवट होतं. आणि खाण्याच्या जवस तेलाची चिंधी असली तरी ती एक तर बाहेर दगडावर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून मग टाका. करडईच्या तेलालाही हा गुण थोडाफार आहे. हौसेनं घरच्या झाडाचा चमचा करून घेणार असाल तर कण्हेरीच्या लाकडाचा कधी नको, ते झाड सर्वांगानं विषारी आहे. आणि ज्या मैत्रिणीला स्वतः लेथवर बसावंसं वाटेल तिनं बांगड्या, मंगळसूत्र काढून, केस बांधून, पदराऐवजी अंगाबरोबरचे कपडे घालून, चेहऱ्यावर काच घेऊनच बसावं. फिरतं चाक पदर आणि हात यांत फरक करत नाही.

बसावंसं वाटेल म्हणते ते उगाच नाही. त्या अमेरिकेच्या नियतकालिकाचं संपादन काही वर्षं एका बाईंनी केलं, बेटी स्कार्पिनो त्यांचं नाव. त्या स्वतः नावाजलेल्या कारागीर. त्यांच्या कामाची छायाचित्रं मी सुतारमामांना दाखवली, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुन्हा घातला. अक्का मात्र लेथवर बसल्या नाहीत. "मला जेवढं चाक फिरवायचं तेवढं फिरवलंय," असं त्या म्हणतात. मला बसायचं आहे. शाळा, पोरं, स्वयंपाक यांतून आठवड्याला एक तास मागून बघितलाय. अजून मिळालेला नाही. भाऊजींना तो न मागता मिळतो. हे मी त्यांच्यासमोरही बोलले आहे.

पाचवं लाटणं आता रोजच्या वापरात आहे. अक्कांचा अंगठा अजून दुखतो, लाटण्यानं संधिवात जात नाही. पण सकाळच्या पोळ्या झाल्या की त्या ते स्वतः पुसून स्वतःच्या जागी ठेवतात, सुनेच्या हाती देत नाहीत. सुतारमामांच्या दुकानात त्याच मापाची लाटणी आता विकायला असतात. तीन बायका मापं द्यायला आमच्याकडे येऊन गेल्या. एकीची बोटं फार लहान, तिचं वेगळं करावं लागलं.

अक्कांच्या पाटल्या अजून व्हायच्या आहेत. भाऊजींनी दिवाणखान्यातल्या सत्तावीस वाट्यांपैकी एकोणीस विकून टाकल्या, ते पैसे एका डब्यात ठेवलेत. पुरेसे नाहीत.

गेल्या आठवड्यात नवा अंक आला. भाऊजींनी दोन फोन केले. संध्याकाळी तिघे खुर्च्यांवर बसले, चहा आला, तो या वेळी आमच्या ह्यांनी केलेला, जरा फिका. भाऊजींनी पाकीट हातात घेतलं आणि फोडायच्या आधी आत हाक मारली, "अहो, येताय ना?" अक्का हात पुसत आल्या, पाकीट त्यांच्या हातून घेतलं, कात्रीनं कडेनं कापलं, पानं भराभर उलटली आणि मला म्हणाल्या, "ती चित्र नसलेली चौकट आधी वाच."